एकाच कागदावरून

सोमवार, ३ फेब्रुवारी

मुकादम एकदाचे हो म्हणाले. पुढच्या आवृत्तीत ल्यूटचं, म्हणजे गिटारसारख्या त्या युरोपीय वाद्याचं, जुनं टॅब्लेचर येणार आणि ते काम मी करणार. निरोप नेहमीसारखा कोरडा: मार्चच्या मध्यापर्यंत काम पूर्ण आणि वाद मिटलेले हवेत, नाहीतर वगळणार.

लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर मी यात कशी अडकले ते तरी सांगता येईल. संगीत छापायचा आमचा प्रोग्राम फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि ठिकठिकाणचे लोक फावल्या वेळात तो लिहितात. या सगळ्यांना शिस्त लावणारा एकच माणूस आहे. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. मुकादम हे नाव मीच ठेवलंय. नोकरी म्हणून मी लिफ्टचे प्रोग्राम लिहिते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकू नये, एवढंच माझं पोटापाण्याचं काम.

टॅब्लेचरमध्ये स्वर लिहीत नाहीत, बोट कुठे ठेवायचं ते लिहितात. सहा रेघा म्हणजे सहा तारा. फ्रेंच पद्धतीत रेघेवर अक्षर येतं, इटालियन पद्धतीत आकडा, आणि त्यावरून कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं ते कळतं. गंमत म्हणजे एका पद्धतीत सगळ्यात वरची रेघ ती सगळ्यात बारीक तार, दुसरीत तीच सगळ्यात जाड. एकाचं पान दुसऱ्याला डोक्यावर उभं राहिल्यासारखं दिसतं.

हे तपासायला खरी जाणकार माणसं हवीत आणि अशी दोनच माझ्या ओळखीची आहेत. आई अक्षरांची. बाबा आकड्यांचे. एके काळी जोडीने वाजवायचे, लोक लांबून ऐकायला यायचे. आता बरीच वर्षं याच शहराच्या दोन टोकांना राहतात. घटस्फोट घेतलेला नाही. त्यासाठी निदान एकदा बोलावं लागतं.

नवरा म्हणाला, "त्या दोघांना एका फोरमवर आणणार तू?" आणि भांडी घासता घासता बराच वेळ हसत राहिला.


रविवार, ९ फेब्रुवारी

बाबांकडे जाऊन आले. तिसरा मजला, जिना अरुंद. खोली होती तशीच: खिडकीशी टेबल, भिंतीवर दोन ल्यूट, खाली हवा ओलसर ठेवणारं यंत्र आणि एका डब्यात तारांची कापलेली टोकं. ती ते का ठेवतात देव जाणे. मी छापून नेलेली पानं त्यांनी नाकाशी धरून पाहिली. आकडे बारीक आहेत, मात्रांच्या खुणा आणखी वर हव्यात, जाड तारांना वेगळी जागा हवी. एकूण एक मुद्दा बरोबर होता.

वाजवून बघा म्हटलं तर म्हणाले, तारा बदलायच्यात. चहा देताना कप हातातून निसटला. कान गुळगुळीत आहे म्हणे. नवे कप नेऊन द्यायला हवेत. हल्ली बटणांचे शर्ट सोडून डोक्यातून घालायचे स्वेटर वापरतात. तरुण दिसता म्हटलं, तर हसले नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं, आईपण तपासणार आहे का. मी हो म्हटलं.

"अजून अक्षरांवरूनच वाजवते?"

"हो."

"मग दोन्ही पद्धती ठेव. तिला आकडे वाचायला लावू नकोस."

इतक्या वर्षांनंतरही टोमणा मारायचा सोडत नाहीत.


शनिवार, १५ फेब्रुवारी

दोघंही आमच्या प्रोग्रामच्या ऑनलाइन फोरमवर आले. आईने सभासद म्हणून नाव घेतलं 'वरची तार'. तासाभरात बाबा आले, 'खालची तार'. माझे आई-वडील आहेत हे मी कोणाला सांगितलेलं नाही. घरची माणसं आणून स्वतःचं काम पास करून घेते, असं कोणी म्हणायला नको.

पहिलंच भांडण: नवीन पान उघडल्यावर आधी कुठली पद्धत यावी. आईने लिहिलं, अक्षरं, कारण शिकणाऱ्याला सोपी जातात. बाबांनी लिहिलं, आकडे, कारण ल्यूट मांडीवर घेतलं की डोळ्यांना तारा तशाच दिसतात. आईने लिहिलं, काही लोकांना मांडीपलीकडचं दिसतच नाही. यावर कुणीतरी तिकडे दूरवर बसून टाळ्यांचं चित्र चिकटवलं.

मुकादमांचा मला खाजगी निरोप: हे दोघं कोण? तुझ्या ओळखीचे आहेत का?

मी लिहिलं, जाणकार आहेत. खोटं काही लिहिलं नाही.


रविवार, २३ फेब्रुवारी

आठवडाभर ऑफिसात चाचण्या, म्हणून इथे काही नाही. आज बाबांची नवी मागणी आली आणि माझं डोकं फिरलं.

जुन्या छापील पुस्तकांत दोन ल्यूटच्या रचना एकाच पानावर छापायचे, एकाचा भाग सरळ आणि दुसऱ्याचा उलटा. पुस्तक टेबलावर मधोमध ठेवायचं, वाजवणाऱ्यांनी समोरासमोर बसायचं. बाबांना आमच्या प्रोग्राममधून असं पान छापून हवंय, याच आवृत्तीत. आणि साधंसुधं नाही, एक भाग अक्षरांत, दुसरा आकड्यांत. नमुना म्हणून त्यांनी एका जुन्या जोडरचनेची फाइल जोडली आहे, स्वतः बसवलेली.

मुकादमांनी विचारलं, हे वापरणार किती जण?

बाबांनी उत्तर दिलं: दोन.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर आईने लिहिलं की उलटी छपाई म्हणजे हौस आहे, दोन कागद छापले की काम भागतं, यापायी बाकीचं अडवू नये. आता दोघांपैकी एकाला तरी मी नाराज करणार हे ठरलेलंच.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

आईने बाबांच्या नमुन्याची फाइल उघडून पाहिली असावी. फोरमवर तिने एवढंच लिहिलं: "या रचनेत पाचव्या पडद्यावरचे स्वर काढून टाकले आहेत. सगळं तीन बोटांत बसवलं आहे. करंगळी कुठेच नाही. हे मूळ नाही."

बाबांचं उत्तर नाही. नेहमी दहा मिनिटांत भांडायला हजर असतात.

दुपारी आईचा फोन. आधी तिच्या शिकवणीतल्या शिष्यांचं काहीबाही. मग म्हणाली, बाबांकडे शेवटची कधी गेली होतीस, त्यांनी वाजवून दाखवलं का. मी म्हटलं तारा बदलायच्या होत्या. त्याच्या आधी गेलीस तेव्हा? तेव्हाही बदलायच्याच होत्या. जिना चढताना दम लागतो का त्यांना, की पाय अडखळतो? मी म्हटलं, आई, मी मीटिंगमध्ये आहे. तिने ठेवला.

संध्याकाळी फोरमवर वरची तार: "टॅब्लेचर आहे तसं ताबडतोब मंजूर करावं. उलट्या छपाईसाठी एक दिवसही थांबू नये."

ताबडतोब! मला वाटायचं, आईला निदान माझ्या कामाची कदर आहे. तिला फक्त बाबांच्या मनासारखं काही होऊ द्यायचं नाही.

नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, रविवारी बाबांना भेटून ये. मी म्हटलं, रविवारी मला मात्रांच्या खुणा दुरुस्त करायच्यात. तो गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला आवडत नाही.


गुरुवार, ६ मार्च

बाबा आठवड्याने उगवले. करंगळीबद्दल अक्षर नाही. लिहिलं ते असं: "दोन कागद असले की दोन खोल्यांत बसता येतं. मला एकाच कागदावरून वाजवायचं आहे."

आईने लिहिलं: "आधी जे करायचं ते करा. कागद कुठे पळून जात नाही."

"आधी काय ते मी ठरवेन."

"ठरवा. हात तुमच्या ठरवण्याची वाट बघणार नाही."

याचा अर्थ काय ते फोरमवर कोणालाच कळलं नाही. एकाने अदबीने विचारलं की ही चर्चा अजून ल्यूटबद्दलच चालू आहे ना. मुकादमांनी चर्चेचा धागा बंद केला आणि मला धारेवर धरलं. रविवारपर्यंत हे निस्तर, नाहीतर टॅब्लेचर पूर्ण बाहेर.

पूर्ण. म्हणजे शरद ऋतूपासूनच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या पाण्यात.


रविवार, ९ मार्च

वाईट दिवस.

उलट्या छपाईचा कोड सकाळी चाचणीसाठी खुला केला. वाटलं, बाबांचं समाधान झालं की आईलाही समजावता येईल. दुपारपर्यंत एका अनोळखी माणसाची तक्रार आली: पान उलटं फिरलं पण मात्रांच्या खुणा जागच्या जागी राहिल्या, आणि फाइल जतन केल्यावर त्या भलत्याच स्वरांना चिकटल्या. त्याची कितीतरी दिवसांची मेहनत मातीत गेली. त्याने शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुकादमांनी तासाभरात उलटी छपाई काढून टाकली. बाकीचं टॅब्लेचर ठेवलंय, पण टांगत्या तलवारीखाली.

मी बाबांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या हट्टापायी माझी इज्जत गेली, तुम्हाला आणि आईला भांडायला माझंच काम सापडलं का, लहानपणी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिले तेवढं पुरे नाही झालं का. मी थांबल्यावर म्हणाले, "बरं. राहू दे."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पुढची आवृत्ती कधी.

"सप्टेंबर."

"सप्टेंबर लांब आहे," म्हणाले, आणि मग, मी जेवले का, ते विचारलं.


मंगळवार, ११ मार्च

आज आई माझ्या ऑफिसात आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. खालून फोन आला की तुमच्या आई आल्यात, वर यायला तयार नाहीत. खाली गेले तर पाहुण्यांचा बिल्ला हातात धरून उभी होती, गळ्यात घातला नव्हता. चल वर म्हटलं तर म्हणाली, तुमच्या लिफ्टमध्ये मी बसणार नाही, त्या तू लिहितेस हे मला माहीत आहे. एरवी मी हसले असते. पण तिचा चेहरा पाहून मी तिला बाजूला बसवलं.

स्वागतकक्षातल्या त्या गुळगुळीत सोफ्याच्या अगदी कडेला बसून तिने सांगितलं. बाबांच्या मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला जातोय. आधी डाव्या हाताची करंगळी गेली, आता शेजारचं बोट जातंय. पायही जड झालेत. ऑपरेशन केलं तर आहे ते टिकेल. गेलेलं परत येईल याची खात्री कोणी देत नाही. नाही केलं तर आज ना उद्या खुर्चीला खिळतील. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, बाबांनी दोन्ही वेळा पुढे ढकलली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. फाइल बघितली ना मी. वाजवणारा माणूस करंगळी उगीच टाकून देत नाही. मग मी त्यांना फोन केला."

त्यांना फोन केला. किती सहज म्हणाली.

बाबांनी सगळं कबूल केलं आणि अट घातली. ती जोडरचना तिच्यासोबत एकदा वाजवायची, पूर्वीसारखी, समोरासमोर, एका कागदावरून. मग ऑपरेशन. ते माझ्या पानाची वाट बघत होते. आई म्हणाली, आधी ऑपरेशन, मग बघू.

मी म्हटलं, "मग वाजव ना त्यांच्याबरोबर. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

ती माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी परकी भाषा बोलतेय.

"मी वाजवलं की त्यांच्या लेखी सगळं झालं. मग ते कशाला जातील दवाखान्यात? कोणासाठी?"

बिल्ला टेबलावर ठेवून ती निघून गेली. मी परत वर जाऊन एका लिफ्टच्या दाराचा प्रश्न सोडवत बसले आणि दिवसभरात तो सुटला नाही.


बुधवार, १२ मार्च

रजा टाकली. बाबांकडे गेले. दार उघडायलाच त्यांना खूप वेळ लागला. कड्या दोन्ही हातांनी काढत होते. हे आधीही असंच होतं. मी दारात मोबाईल बघत उभी राहायचे.

मला का नाही सांगितलं, म्हणून आवाज चढवला तर त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, ही बघ म्हणाले, आणि बोटं उचलायला लागले. तीन उचलली. करंगळी पडून राहिली, कोणा दुसऱ्याची असल्यासारखी.

"तू विचारायचीस, वाजवा म्हणून. मी तारा बदलत होतो. आता काय, किती तारा बदलणार माणूस?"

मला रडता आलं नाही. मला अशा वेळी काम सुचतं. लिफ्टच्या भाषेत सांगायचं तर दोन दारं एकमेकांची वाट बघत उघडी राहिली होती, आणि अशा वेळी कोणाला तरी एकाला आधी मिटावंच लागतं. मी सांगितलं, रविवारी तुमचं पान तुमच्या टेबलावर असेल. आईला आणायची जबाबदारी माझी. पण दवाखान्यात फोन आत्ता करायचा, माझ्यासमोर.

"आणि ती नाही आली तर?"

"नाही आली तरी ऑपरेशन होईल."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सतरंजी झटकत होतं. मग म्हणाले, नंबर तू लाव, मला बटणं नीट दाबता येत नाहीत. पुढच्या बुधवारी दाखल, गुरुवारी ऑपरेशन.

तिथून आईला फोन केला. तिला वाटलं मी थापा मारतेय. दवाखान्याचा निरोप पाठवला तेव्हा तिला पटलं. मग म्हणाली, "रविवारी किती वाजता?"

आता माझ्याकडे वेळ जेमतेम आहे आणि कोड मोडका.


शुक्रवार, १४ मार्च

दोन दिवस नुसती डोकेफोड. पान फिरवलं की आकडे जागेवर येतात, खुणा नाही. खुणा दुरुस्त केल्या की अक्षरांचा भाग बिघडतो. काल नवऱ्याने जेवणाचं ताट कीबोर्डशेजारी आणून ठेवलं आणि काही न बोलता गेला. यावेळी त्याचं गप्प बसणं आवडलं.

सकाळी हात टेकले आणि मुकादमांना सगळं खरं लिहिलं. ते दोघं माझे आई-वडील आहेत, भांडण कशाबद्दल होतं, रविवारी काय आहे. आवृत्तीत घ्या म्हणत नाही, फक्त एकदा नजर टाका. दिवसभर उत्तर येणार नाही असं धरून चालले होते. तासाभरात आलं.

"मला वाटलंच होतं. अनोळखी माणसं इतकं मन लावून भांडत नाहीत. आवृत्तीत घेता येणार नाही, नियम तो नियम. प्रोग्रामच्या तुझ्या स्वतःच्या प्रतीत तू काय करतेस ते मला विचारू नकोस. आकड्यांच्या पद्धतीत रेघा तू एकदा उलट्या करतेस, मग अख्खं पान फिरवून पुन्हा करतेस. खुणा एकदाच फिरतात. तिथे बघ."

तिथेच होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दुपारी पहिलं बरोबर पान छापून निघालं. टेबलावर ठेवून मी एका बाजूने बघितलं, मग उठून दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडून सरळ.


रविवार, १६ मार्च

आई वेळेच्या आधीच आली. ल्यूटची पेटी स्वतःच घेऊन तिन्ही मजले चढली, मला हात लावू दिला नाही. दारात बाबा म्हणाले, "ये." ती म्हणाली, "यंत्रातलं पाणी संपलंय, लाकूड तडकेल." एवढ्या वर्षांनंतरचं समोरासमोरचं पहिलं वाक्य.

टेबल खिडकीपासून ओढून मधे आणलं. पान ठेवलं. मी सुचवायला गेले की कडा चिकटवू का, तर दोघंही एकदम नको म्हणाले. सूर लावायला इतका वेळ लागला की मला वाटलं, यातच दिवस मावळणार. छापलेलं पान बाबांच्या नमुन्यापेक्षा वेगळं होतं: आईने तिच्या भागात काही बदललं नव्हतं, बाबांच्या भागात मात्र काढून टाकलेले सगळे स्वर परत घालायला लावले होते मला. मूळ तसं असेल तर मूळ तसंच छापायचं, म्हणाली. मला ते क्रूर वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

सुरुवात बरी झाली. मी वाजवत नाही, मला बारकावे कळत नाहीत, पण हे दोघं जे करतात ते एका माणसाचं काम वाटतं एवढं कळतं. मग भराभर उतरणारी जागा आली आणि बाबांचा हात अडला. ते थांबले. आई दोन मात्रा पुढे गेली, मग तारांवर तळवा ठेवून बसली. बाबांनी पुन्हा धरलं. पुन्हा तिथेच अडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सोडा ते," आई म्हणाली. "जमतं तेवढं घ्या. थांबायचं नाही."

"भोकं पडतील."

"पडू देत. मी आहे."

तिसऱ्यांदा ते थांबले नाहीत. हात अडला तिथे स्वर सोडून दिले आणि पुढचा पकडला. पण भोक पडलं नाही. ते स्वर वाजले, आईच्या बाजूने, तिच्या स्वतःच्या स्वरांच्या मधूनच. मला हे काही कळलं नाही, कारण आई आकडे वाचत नाही, उलटे तर नाहीच. जुनं पाठ असेल.

संपल्यावर बाबांनी पुन्हा एकदा वाजवूया का, म्हणून विचारलं. आई म्हणाली, "पुन्हा नंतर. आधी बुधवार." बाबांनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

निघताना आईने ल्यूट तिथेच ठेवलं. मी म्हटलं, मी उतरवते खाली. ती म्हणाली, असू दे. जिना खरंच अवघड आहे.


गुरुवार, २० मार्च

सकाळपासून दवाखान्यात. हिरवट भिंती, भिंतीला स्क्रूने बसवलेल्या खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही. आई माझ्या शेजारी बसून मांडीवर डाव्या हाताची बोटं चालवत होती, एक रचना संपली की दुसरी. मी नर्सला तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा तिने मला येताना पाहूनच मान हलवली.

सांगितलेल्या वेळेपेक्षा खूप उशीर झाला. कोणी बाहेर येईना. आईची बोटं थांबली. ती म्हणाली, मी आधीच वाजवायला हवं होतं का? मी तिचा हात धरला. शेवटचा कधी धरला होता आठवत नाही.

डॉक्टर आले तेव्हा टोपी काढत होते. झालं म्हणाले. रक्त थोडं जास्त गेलं म्हणून वेळ लागला. पाय वाचले. हाताचं आत्ता सांगता येणार नाही.

मुकादमांचा निरोप घरी आल्यावर पाहिला. आवृत्ती निघाली, टॅब्लेचर आत आहे. खाली एक ओळ, इतर निरोपांत कधीच नसते ती: "ते कसे आहेत?"


रविवार, १३ एप्रिल

बाबा घरी आहेत. काठी न घेता खोलीभर चालतात. शेजारच्या बोटात जीव आलाय. करंगळी आली नाही आणि आता येणार नाही, असं काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी रात्रभर शब्द जुळवत होते की त्यांना काय म्हणायचं.

दुपारी गेले. जिन्यातच आवाज ऐकू आले. आई त्यांना सांगत होती की हा पडदा चुकीचा धरलाय, असा हात वळतच नाही कोणाचा. बाबा सांगत होते की वळतो, तू नीट बघ. टेबल अजून मधेच होतं. त्यावर माझ्या प्रोग्राममधून छापलेली पानं पसरली होती, पेन्सिलने भरलेली. बाबा जुन्या रचना एकेक करून तीन बोटांसाठी नव्याने बसवतायत. ल्यूट आईच्या मांडीवर होतं. तिच्या डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने करकचून बांधलेली होती.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि मान वर न करता बाबांना म्हणाली, "चला, पुन्हा पहिल्यापासून. मोजा."

बाबा मोजायला लागले. खोलीत तिसरी खुर्ची नव्हती. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.